बघायचं, लिहायचं, हात लावायचा नाही

मागच्या अंकात टपाली मतदानाबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की निवृत्तीनंतर नेपाळच्या २०१३ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत मी आंतरराष्ट्रीय निरीक्षक म्हणून गेले होते. टपाली मतदान राहिलं बाजूला, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आली. नागपुरात एवढ्या लोकांना दुसऱ्यांच्या निवडणुका बघायला जायचंय हे मला ठाऊक नव्हतं. २०२४ च्या लोकसभेला आपल्या शहरात मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास झालं, म्हणून म्हणते. असो. पाच पत्रं घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

आदरणीय मॅडम, काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वय ६२. मतपेटीच्या काळापासून व्हीव्हीपॅटपर्यंत निवडणुकीची ड्युटी केली, बहुतेक वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. मुलगा पुण्यात असतो, हाताशी वेळ आहे. परदेशात निरीक्षक म्हणून जाता येईल काय? अर्ज कुठे करायचा? इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलताना अडखळतो. सौ. म्हणतात, या वयात काहून हा उपद्व्याप? (एक निवृत्त गुरुजी, काटोल)

गुरुजी, वहिनींचं आधी घेते. वयाची आडकाठी सहसा नसते, तब्येतीची असते. मतदानाच्या दिवशी केंद्र उघडण्याआधी तिथं हजर व्हायचं, दिवसभर एका केंद्रावरून दुसऱ्यावर हिंडायचं, संध्याकाळी पेट्या बंद होताना बघायच्या आणि मोजणी केंद्रावरच होत असेल तर रात्रही तिथंच काढायची. साहित्य घेण्याच्या रांगेपासून साहित्य जमा करण्याच्या रांगेपर्यंतचे दोन दिवस ज्यानं काढलेत त्याला हे नवं नाही. फरक एवढाच, की केंद्राध्यक्षाला खुर्ची असते, निरीक्षकाला नसते. गुडघे, रक्तदाब आणि साखर यांचा हिशेब घरी बसून प्रामाणिकपणे करा, वहिनींना समोर बसवून करा.

आता अर्ज. आधी बंद दारं सांगते, म्हणजे तिथं वेळ जाणार नाही. युरोपीय संघाची निरीक्षक पथकं मोठी आणि नावाजलेली, पण त्यांत मुख्यतः सदस्य देशांचेच नागरिक घेतात. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची निवडणुका पाहणारी शाखा वॉर्सात आहे, ओडीआयएचआर नावाची. तिच्याकडे निरीक्षक पाठवतात ती ५७ सहभागी देशांची सरकारं, आणि त्या ५७ मध्ये भारत नाही. राष्ट्रकुलात आपण आहोत, पण राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटात कोणाला घ्यायचं ते महासचिव ठरवतात आणि माजी निवडणूक आयुक्त, कायदेपंडित, माजी मंत्री, पत्रकार अशांना निमंत्रण धाडतात. तिथं अर्ज करायचा नसतो, बोलावणं यायचं असतं. काटोलला आल्याचं अजून ऐकलं नाही.

उघडं दार आशियातलंच आहे. बँकॉकला आन्फ्रेल म्हणून संस्था आहे, एशियन नेटवर्क फॉर फ्री इलेक्शन्स. १९९७ पासून काम करते. आशियातल्याच देशांतले, नागरी संस्थांत किंवा निवडणुकीच्या कामात मुरलेले लोक ती निरीक्षक म्हणून घेते. एखाद्या देशाची मोहीम ठरली की त्या मोहिमेसाठी अर्ज मागवतात, त्यामुळे एकदा अर्ज टाकून वर्षभर वाट बघण्यात अर्थ नाही, त्यांच्या सूचनांवर नजर ठेवावी लागते. अमेरिकेत अटलांटाला कार्टर सेंटर आहे. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९८२ साली ते काढलं आणि १९८९ च्या पनामाच्या निवडणुकीपासून ते हे काम करत आलं. त्यांच्या पथकांत अनेक देशांचे लोक असतात, पण त्यांना आधीचा निरीक्षणाचा अनुभव लागतो, म्हणजे तुमच्यासाठी ते दुसऱ्या पायरीचं. तिसरा रस्ता संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांचा, त्यांचं मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथं निवडणुकीची कामं निघतात, पण ती निरीक्षणाची नव्हेत, निवडणूक घ्यायला मदत करण्याची: मतदार नोंदणी, प्रशिक्षण, साहित्य पोचवणं. मुदत महिन्यांची असते आणि निर्वाहभत्ता मिळतो. खरं सांगू? तुमचा पिंड त्या कामाचा आहे, निरीक्षणाचा नाही. का ते सांगते.

निरीक्षकांचे दोन प्रकार. दीर्घ मुदतीचे निरीक्षक मतदानाच्या महिना-दीड महिना आधी जातात. याद्या, अर्जांची छाननी, प्रचार, पैसा, तक्रारी असं सगळं बघतात. अल्प मुदतीचे मतदानाच्या थोडे दिवस आधी पोचतात, दोन दिवस त्यांना तिथला कायदा शिकवतात, मग दोघादोघांच्या जोड्या करून पाठवतात. नवख्याला अल्प मुदतीचंच मिळतं. प्रत्येक केंद्राचा एक फॉर्म. किती वाजता पोचलात, पेटीच्या सीलचे नंबर काय, कोणकोणत्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेत, मतदान गुप्त राहतंय का, शाई लावताहेत का, लावण्याआधी बोट बघताहेत का. जिथं तुम्ही बघितलं आणि घडलं नाही तिथं 'नाही'. जिथं तुम्ही बघितलंच नाही तिथं 'बघितलं नाही'. हे दोन चौकोन वेगळे असतात आणि आपली माणसं हमखास गल्लत करतात, कारण आपल्याकडे कोरा रकाना म्हणजे कारणे दाखवा नोटीस, अशी सवय लागलेली.

नेपाळात मी तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, एका शाळेतल्या केंद्रावर उभी होते. तिथं मशीन नाही, मतपत्रिका, आणि शिक्का स्वस्तिकाचा. त्या निवडणुकीत प्रत्येकाला दोन मतपत्रिका होत्या, एक थेट उमेदवारासाठी, दुसरी प्रमाणशीर पद्धतीनं पक्षासाठी. पक्षाच्या मतपत्रिकेवर शंभरावर निशाण्या, सतरंजीएवढा कागद. एक म्हातारी पुठ्ठ्याच्या आडोशातून तो कागद हातात घेऊन बाहेर आली आणि टेबलाजवळ उभी राहून घडी घालू लागली. आडवी घडी. शिक्क्याची शाई ओली. आपल्या मतपत्रिकांच्या काळात, गुरुजी, प्रशिक्षणात घोकून घेत असत ना, आधी उभी घडी मग आडवी, नाहीतर शिक्का दुसऱ्या निशाणीवर उमटतो आणि मोजणीच्या टेबलावर मत वादात पडतं? तेच डोळ्यांसमोर घडत होतं, हातभर अंतरावर. माझ्या घशाशी 'अवो माय, उभी घाला' एवढे शब्द आलेले. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मतदान कर्मचारी पेंगत होता, त्याला कोपरानं ढोसावंसं वाटलं, तेही केलं नाही. म्हातारीनं कागद पेटीत टाकला आणि काठी टेकत निघून गेली. मी फॉर्मवर लिहिलं: घडी कशी घालायची याची सूचना मतदाराला दिली गेल्याचं दिसलं नाही. वेळ लिहिली. बस.

हे तुम्हाला जमेल का, याचा विचार करा. ज्यानं आयुष्यभर केंद्र चालवलं त्याला चुकीचं चाललेलं बघून गप्प उभं राहणं सगळ्यात जड जातं. पत्रकाराला जमतं, वकिलाला जमतं, केंद्राध्यक्षाला जमत नाही. त्याचा हात आपोआप पुढे जातो. पण निरीक्षक एकदा बोलला की त्या केंद्रावर पुढे जे घडतं त्यात त्याचाही हात लागतो, आणि उद्या हरलेला उमेदवार म्हणणार, परदेशी बाईनं मतदारांना सूचना दिल्या. २००५ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांची जाहीरनाम्याच्या रूपात घोषणा झाली आणि सोबत निरीक्षकांची आचारसंहिताही आली. तिच्यावर सही करावी लागते. कामात अडथळा आणायचा नाही, कर्मचाऱ्यांना हुकूम सोडायचे नाहीत, बाजू घ्यायची नाही, पत्रकारांशी पथकप्रमुखाशिवाय कोणी मत मांडायचं नाही, निष्कर्ष पुराव्यावर काढायचे. वाचायला सोपं आहे. आधी इथंच करून बघा: पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत देऊन झालं की लगेच घरी निघून या, नव्या केंद्राध्यक्षाला काहीएक न शिकवता. जमलं तर अर्ज करा.

इंग्रजीची काळजी करू नका. अडखळत बोललेलं चालतं, लिहिलेलं चुकलेलं चालत नाही. अर्जात मात्र 'निवडणूक कामाचा प्रदीर्घ अनुभव' असलं काही लिहू नका, ते वाचून बँकॉकच्या माणसाला काहीच कळत नाही. कोणत्या साली, कोणत्या निवडणुकीत, केंद्राध्यक्ष म्हणून किती मतदारांचं केंद्र सांभाळलं, अभिरूप मतदान (खऱ्या मतदानाआधीची मशीनची चाचणी) कसं घेतलं, १७ सी हा केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म कसा भरला, प्रदत्त मताचा (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्यावर खऱ्या मतदारानं दिलेल्या वेगळ्या मताचा) प्रसंग आला तेव्हा काय केलं, असं लिहा. प्रदत्त मत म्हणजे काय तेही एका ओळीत सांगा, त्यांना आपली पद्धत ठाऊक नसते. एखाद्या पक्षाचं पद कधी भूषवलं असेल तर लपवू नका.

नमस्कार मॅडम. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. निवडणुकीत मायक्रो ऑब्झर्व्हर म्हणून काम केलं आहे. बाहेरच्या एका संस्थेनं निरीक्षक म्हणून निवडल्याचा मेल आला, विमानाचं तिकीट आणि राहणं ते देणार. अर्जित रजा शिल्लक आहे. साहेबांना फक्त रजेचा अर्ज द्यावा की आणखी काही? (बँकवाला, त्रिमूर्तीनगर)

फक्त रजेचा अर्ज देऊन गेलात तर परत आल्यावर खुर्ची जागेवर असेल याची खात्री मी देणार नाही.

परकीय योगदान विनियमन कायदा, २०१० हा फक्त संस्थांच्या देणग्यांपुरता आहे असा समज सगळीकडे आहे. त्याचं कलम ६ बघा. आमदार-खासदार, पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या महामंडळांचे नि संस्थांचे कर्मचारी यांनी परदेशात असताना परकीय पाहुणचार घ्यायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पाहुणचार म्हणजे काय, तर बाहेरच्या संस्थेनं दिलेलं प्रवासाचं भाडं, फुकट राहणं, जेवण, वाहतूक, औषधोपचार. तुमच्या मेलमध्ये हे सगळं आहे आणि तुमची बँक सरकारी मालकीची आहे. त्यासाठी एफसी-२ हा फॉर्म आहे, गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन भरायचा, बँकेच्या सक्षम अधिकाऱ्यामार्फत. निघण्याच्या दोन आठवडे आधी तरी तो पोचायला हवा असा नियम आहे, पण त्या दोन आठवड्यांवर विसंबू नका. आपल्या ऑफिसात कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती वेळ लागतो ते मी तुम्हाला काय सांगणार. निवड झाल्या दिवशी सुरुवात करा.

शिवाय बँकेचं स्वतःचं ना-हरकत पत्र वेगळं. दोन्ही हातात आल्याशिवाय संस्थेला होकार कळवू नका, कारण ऐनवेळी तुम्ही गळालात तर तुमच्या जोडीदाराला एकटं फिरता येत नाही आणि त्या जोडीची सगळी केंद्रं बुडतात. निवृत्त झालेल्यांना या कलमाची अडचण नाही. काटोलच्या गुरुजींना मी म्हणूनच हे सांगितलं नाही.

ताई, मी २३ वर्षांची, लॉ करून राहिली आहे. इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं, 'इंटरनॅशनल इलेक्शन ऑब्झर्व्हर बना'. नोंदणी फी भरायची, मग ते एका देशात नेतात, सर्टिफिकेट आणि ओळखपत्र देतात, फोटो काढतात. मैत्रिणी म्हणतात सीव्हीला चांगलं. बाबा म्हणतात विचारून घे. (विद्यार्थिनी, धरमपेठ)

बाबा बरोबर म्हणतात, बेटा.

खऱ्या संस्था गरीब असतात. कधी कधी त्या सांगतात की तिकीट तुमचं तुम्ही काढा, आणि ते मी वाईट मानत नाही. पण तेव्हा तुझा पैसा विमान कंपनीकडे आणि हॉटेलकडे जातो. निरीक्षक होण्याची 'नोंदणी फी' ही वस्तू नसते. ओळखपत्र संस्था देतच नाही, ते त्या देशाचा निवडणूक आयोग देतो, संस्थेनं आधी परवानगी मागितल्यावर. आयोगाच्या कार्डाशिवाय पर्यटक व्हिसावर एखाद्या मतदान केंद्रात शिरलीस तर तू निरीक्षक नाहीस, घुसखोर आहेस, आणि तिथले पोलीस तुला तसंच वागवतील.

त्या पेजवाल्यांना लिहून विचार: २००५ च्या जाहीरनाम्याला तुमच्या संस्थेनं मान्यता दिली आहे का? याआधीच्या निवडणुकांचे तुमचे अहवाल कुठे वाचायला मिळतील? खर्च कोण करतं? अहवालावर तर जीवच टाक. अहवाल नसेल आणि फोटोच असतील, तर समज की गिऱ्हाईक तू नाहीस. गिऱ्हाईक ते सरकार आहे ज्याला 'अमुक इतक्या देशांच्या निरीक्षकांनी आमची निवडणूक निर्दोष ठरवली' अशी बातमी छापायची आहे. तू फक्त त्या बातमीतला एक भारतीय चेहरा. अशी पथकं जगभर फिरतात. मतदान संपायच्या आत कॅमेऱ्यासमोर येऊन 'फ्री अँड फेअर' म्हणून मोकळी होतात. पुढे कधी तुला एखाद्या चांगल्या मोहिमेवर जायचं झालं तर तो फोटो तुझ्या आड येईल.

मग आत्ता काय करायचं? पोलिंग एजंट हो. हसू नकोस. एखाद्या अपक्ष उमेदवाराला विचार, ते बिचारे एजंट मिळत नाहीत म्हणून रडत असतात. त्या मतदारसंघातली मतदार असलीस की उमेदवार तुला फॉर्म १० वर नेमू शकतो. पहाटे अभिरूप मतदान बघ, सीलवर सही कर, मशीनचे नंबर टिपून घे, दिवसभर बस, शेवटी क्लोज बटन दाबताना किती मतं पडली ते बघ आणि १७ सी ची प्रत मागून घेतल्याशिवाय उठू नकोस. ती द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी कळमन्याच्या मार्केट यार्डात मोजणी प्रतिनिधी म्हणून गेलीस तर तोच आकडा तिथं ताडून बघता येतो. एवढं केलेली मुलगी आणि इन्स्टाग्रामवरचं सर्टिफिकेट घेतलेली मुलगी अर्जात शेजारी आल्या तर कोणाला घेतील, हे तुझ्या मैत्रिणींना विचार. एक मात्र: एजंट ही एका बाजूची व्यक्ती. अर्जात ते उघड लिहायचं आणि एकाच पक्षाची कायमची एजंट व्हायचं नाही.

मॅडम, स्पष्ट विचारतो. दुसऱ्याच्या घरात जाऊन त्यांची निवडणूक बरोबर की चूक हे सांगणारे आपण कोण? उद्या गोरे लोक येऊन आपल्या इतवारीच्या बूथवर उभे राहिले तर चालेल काय? आणि एवढं बघून फरक काय पडून राहिला? (एक व्यापारी, इतवारी)

पत्राच्या शेवटी तुम्ही 'राग मानू नये' लिहिलंय. नाही मानला. तीन प्रश्न आहेत, तिन्ही रास्त.

निरीक्षक बोलावल्याशिवाय जात नाहीत. त्या देशाचं सरकार किंवा आयोग निमंत्रण देतो, तेव्हाच पथक निघतं. आणि ते निवडणूक वैध की अवैध हे ठरवत नाही, तो अधिकार त्या देशाच्या कोर्टाचा. पथक बघतं, लिहितं आणि जाहीर करतं: पहिलं निवेदन मतदानानंतर साधारण दोन दिवसांत, सविस्तर अहवाल दोनेक महिन्यांनी. नेपाळात पेट्या जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन मोजतात आणि मोजणी कितीतरी दिवस चालते, त्यामुळे पहिलं निवेदन निघतं तेव्हा निकालही पुरता लागलेला नसतो.

आपल्याकडे परदेशी निरीक्षक नसतात, पाहुणे असतात. आयोग दुसऱ्या देशांच्या निवडणूक यंत्रणांना बोलावून फिरवतो. २०२४ च्या लोकसभेला २३ देशांतून ७५ जण आले होते. निरीक्षक आपले आपणच नेमतो, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०ब खाली, आणि ते सगळे सरकारी अधिकारी असतात. सामान्य नागरिकाला त्यात जागा नाही, त्याला सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकून तक्रार करता येते. मला विचाराल तर ही पद्धत थोडी सैल व्हायला हरकत नाही. पण गोऱ्यांचं म्हणाल तर दुसऱ्याच्या घरात जाण्यात आपणही मागे नाही. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ साली सुदानची पहिली निवडणूक घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते. नेपाळात माझ्याशी लोक अघळपघळ बोलत, युरोपियन जोड्यांशी जपून बोलत. त्याच वेळी भारताचं नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठ्याही पडत. शेजारी असण्याचे दोन्ही परिणाम होतात, म्हणून पथकात देशादेशांचे लोक मिसळतात. माझा जोडीदार फिलिपिन्सचा वकील होता. जिथं माझ्याकडे संशयानं बघत तिथं तो बोलायचा.

फरक काय पडतो? तुम्ही व्यापारी आहात, तर गोलमोल सांगत नाही: कधी काही पडत नाही, कधी उलटाच पडतो. अझरबैजानमध्ये २०१३ साली मतदानाच्या आदल्या दिवशीच मोबाइल अ‍ॅपवर निकाल झळकले होते. तरीही युरोपातल्या खासदारांच्या पथकानं त्या निवडणुकीला छान म्हटलं, आणि त्याच वेळी वॉर्सावाल्यांनी तिच्यातले गंभीर दोष मांडले. दोघेही युरोपीय, दोघेही निरीक्षक. केनियात ऑगस्ट २०१७ मध्ये बड्याबड्या पथकांनी मतदानाच्या दिवसाची वाखाणणी केली आणि सप्टेंबरच्या १ तारखेला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. गडबड केंद्रावर नव्हे, केंद्रांवरचे निकाल वर पाठवण्यात निघाली. मलावीत २०१९ च्या निवडणुकीच्या निकालपत्रांवर पांढऱ्या शाईनं, आपण ऑफिसात चूक झाकायला वापरतो त्याच खोडशाईनं, आकडे खोडलेले सापडले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या कोर्टानं ती निवडणूक रद्द केली, जूनमध्ये नवी झाली, आणि आधीचा विजेता हरला. खोडशाई शोधून काढली ती तिथल्याच लोकांनी, त्यांच्याच वकिलांनी. परदेशी पाहुणे तोवर कधीच घरी पोचले होते.

म्हणून माझा सगळा जोर टेबलावरच्या कागदावर असतो. रांगा बघायला सगळ्यांना आवडतं, फोटो चांगला येतो. आकडा केंद्रावरून तालुक्याला आणि तालुक्याहून राजधानीला जातो त्या वाटेवर उभं राहायला कोणी तयार नसतं, कारण तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि दिवसभरच्या थकव्यानं डोळे मिटत असतात. केनियानंतर बऱ्याच पथकांनी तिकडे जास्त माणसं लावायला सुरुवात केली म्हणतात. तो फरक मला रांगेतल्या फोटोंपेक्षा मोठा वाटतो. आणि एक गोष्ट आकड्यात मांडता येत नाही. तराईत मतदानाच्या त्या मंगळवारी बंदची हाक होती, एका गटानं मतदानावर बहिष्कार घातला होता, वाहनं बंद, धमक्या चालू. तरी देशभरात ७० टक्क्यांहून जास्त मतदान झालं. एका केंद्राध्यक्षानं मला पाणी देताना म्हटलं, तुम्ही दारात उभ्या आहात तोवर कोणी टेबल उलथणार नाही. आम्ही तिथं अर्धा तास होतो. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मॅडम, एवढंच सांगा: शाकाहारी माणसाचं तिकडे भागते काय? मंगळवारचा उपास असतो. आणि हिंदी चालेल काय? (महालातून)

नेपाळात भागतं, डाळ-भात आणि साग कुठेही मिळतो. इतर देशांत पथकाला आधी कळवा, ते सोय बघतात. मतदानाच्या दिवशी मात्र कशाचाच भरवसा धरू नका. बाजार बंद असतो, वाहनं बंद असतात, आणि उमेदवाराच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नसतो. पक्षाचा कार्यकर्ता गळ्यात उपरणं घालायला आला तर हात जोडून मागे सरकायचं. मी नागपूरहून भाजलेली फल्ली आणि गूळ नेला होता, तुम्हीही न्या. मंगळवारी मतदान असेल तर उपासाला तेच चालेल, पण पाणी प्या, निर्जळी करून उन्हात हिंडू नका. पीतज्वराच्या पट्ट्यातल्या आफ्रिकी देशात जायचं झालं तर लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. ते पिवळं कार्ड परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात, नसेल तर वेगळं ठेवतात.

हिंदी तराईत चालते, डोंगरात कमी. दुभाषी पथक देतं. दुभाष्याला सांगून ठेवा की समोरचा जे बोलला तेच सांग, त्यातलं काय महत्त्वाचं ते तू ठरवू नकोस. पहिल्या दिवशी तो ठरवतोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.